आरोंद्याच्या पत्त्यावरचा शिपाई : शोधाच्या नोंदी

16 जून 2024, कोरगाव

आजपासून तारीख घालून लिहिते आहे, कारण घरात या विषयावर जे बोललं जातं ते दरवेळी थोडं सरकतं. सगळ्यांच्या तोंडी सारखं राहिलेलं एवढंच: पणजोबा पलटणीत गेले, इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. मागे बायको आणि रांगता मुलगा. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा.

हातात दोन वस्तू आहेत. देवघराच्या डब्यातलं एक चांदीचं पदक आणि चौघडी घातलेला एक मोडी कागद. कागदाच्या घड्या फाटत आल्यात, म्हणून तो सध्या उलगडून सपाट ठेवला आहे. वाचायचं काम नंतर.

पहिला प्रश्न: पलटण कोणाची? गोव्याच्या पेडण्यातला माणूस त्या काळी दोन दिशांना जाऊ शकत होता. खाली पणजीला पोर्तुगीजांकडे, नाहीतर तेरेखोल नदी ओलांडून इंग्रजांच्या मराठा पलटणीत. काकांचं म्हणणं पोर्तुगीजांचीच. ‘आपण त्यांची रयत, दुसरीकडे कोण घेणार?’ हा त्यांचा मुद्दा सहज टाकून देण्यासारखा नाही.

23 जून

पोर्तुगीज बाजू आधी तपासली. पोर्तुगीज हिंदुस्थानचं जुनं लष्कर 1871 च्या बंडाळीनंतर बरखास्त झालं. त्यानंतरच्या फौजेत मराठे शिपाई होते, आणि त्यांची गोष्ट गोव्यात अजून आठवणीत आहे. सप्टेंबर 1895 मध्ये त्यांना मोझांबिकच्या लढाईवर जायचा हुकूम झाला. बायकामुलांना मागे टाकून समुद्रापार जायला ते तयार नव्हते. हत्यारांसकट छावणी सोडून ते सत्तरीत गेले, नाणूसच्या किल्ल्यावर जमले आणि सत्तरीच्या राणे घराण्याचा उठाव पेटला. तो मोडायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों आफोंसो स्वतः फौज घेऊन आला होता.

आमचे पणजोबा यात बसत नाहीत. आजोबांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा, आणि 1895 ला पणजोबा स्वतःच लहान मूल असणार. शिवाय बसरा. पोर्तुगीजांचं सैन्य बसऱ्याला गेलंच नव्हतं. काकांना हे सांगितलं. ते लगेच मानले नाहीत, पण पदक नीट बघायला दिलं.

7 जुलै

आजचा अख्खा दिवस पदकावर गेला.

व्यास 36 मिलिमीटर. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा पुरुष, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, कडांना 1914 आणि 1918. हे ब्रिटिश वॉर मेडल. फीत केव्हाच गेली, वरची दांडी शाबूत आहे. चांदीचं आहे, हेही महत्त्वाचं: लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळालं, हमाल वगैरे छावणीच्या कामकऱ्यांना ब्राँझचं. म्हणजे पणजोबा बंदूकवाले शिपाई होते.

खरा मजकूर पदकाच्या कडेवर असतो, आणि घरात शंभर वर्षांत कडेकडे कुणी पाहिलं नव्हतं. दर चवथीला देवांच्या भांड्यांबरोबर राखेने घासल्यामुळे जॉर्जचं नाक सपाट झालंय, कडेवरची अक्षरंही झिजलीत. खिडकी बंद करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा अक्षरांच्या खाचा सावलीने उठून आल्या. मग ट्रेसिंग पेपरची बारीक पट्टी कडेभोवती गुंडाळून मऊ शिसपेन्सिल फिरवली. आधी चार आकडी क्रमांक, मग शिपाई हा हुद्दा, मग नाव, मग 110 आणि मराठा पलटणीची इंग्रजी संक्षिप्त अक्षरं.

नाव पणजोबांचंच. आडनाव नाही. क्रमांकातला तिसरा आकडा 3 की 8, ते ठरत नाही. पट्टी वहीत चिकटवली आहे.

कुणाच्या घरी असं पदक असेल तर एक कळकळीची विनंती: त्याला पॉलिश करू नका. चकाकीसाठी घासताना नाव जातं.

9 जुलै

110 हा आकडा आजच्या कुठल्याच यादीत सापडत नाही. एकाच पलटणीला काळाप्रमाणे वेगवेगळी नावं मिळत गेली. आधी ती मुंबई फौजेची 10 वी. 1903 मध्ये सरसेनापती किचनेरने साऱ्या हिंदी सैन्याचे क्रमांक नव्याने लावले, तेव्हा मुंबईकडच्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले आणि ती 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. 1922 मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या, तेव्हा ती पाचव्या मराठाची तिसरी बटालियन. पुढे तीच छत्रीधारी झाली, आजची 2 पॅरा. हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

28 जुलै

साध्या हिंदी शिपायाचे कागद राहतात कुठे? यात बराच वेळ गेला, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

लंडनमधून सुरुवात करावी असं कुणालाही वाटतं. तिथे पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या सेवेचे कागद होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक सप्टेंबर 1940 च्या बॉम्बफेकीत जळाले. आमच्या माणसाचा त्या आगीशी संबंध नाही, कारण हिंदी शिपायाचा कागद तिथे जातच नसे. तो पलटणीच्या डेपोत राही. डेपोत दोन मुख्य दप्तरं: लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या प्रत्येकाची क्रमवार नोंदवही, आणि शीट रोल, म्हणजे एकेका शिपायाचा स्वतंत्र कागद. शीट रोलमध्ये बापाचं नाव, गाव, तालुका, जात, उंची, अंगावरच्या खुणा, वारस. घराण्याचा शोध घेणाऱ्याला हवं ते सगळं त्या एका कागदावर असतं.

इंडियन आर्मी लिस्ट छापील आणि सहज मिळणारी, पण त्यात अधिकाऱ्यांचीच नावं. हिंद्यांपैकी जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर एवढेच. शिपाई, नाईक, हवालदार नाहीत. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतून पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं, शिपायाचं नाव क्वचितच येतं.

पंजाबचं नशीब वेगळं. तिथे गावोगाव कोण लढायला गेलं याच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात शिल्लक राहिल्या आणि 2021 मध्ये त्यातल्या सुमारे 3 लाख 20 हजार नोंदी लोकांना खुल्या होऊ लागल्या. आपल्या कोकणाला तसं काही मिळालेलं नाही. त्यामुळे मराठा शिपायाच्या बाबतीत वाट उलटी धरावी लागते: पदकावरून क्रमांक, क्रमांकावरून मृतांची यादी, यादीवरून बापाचं नाव आणि गाव, आणि मग डेपोच्या वारसाकडे, म्हणजे बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे, नेमका प्रश्न.

नुसतं नाव घेऊन शोधण्यात अर्थ नाही. विठ्ठल, विठू, विठोबा ही तीन माणसं असतील किंवा एकच असेल. कारकून इंग्रजीत जसं ऐकेल तसं लिही. आडनाव बहुतेक वेळा गाळलेलं असे. बापाचं नाव हीच खरी खूण.

11 ऑगस्ट

सापडले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या यादीत क्रमांक आणि पलटण घालून शोधलं. 3 वाला क्रमांक रत्नागिरीकडच्या दुसऱ्याच शिपायाचा निघाला. 8 वाला आमचा. शिपाई, 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री, मृत्यू ऑक्टोबर 1916, स्मारक बसरा. बापाचं नाव आमच्या वंशावळीतलंच, फक्त शेवटचं अक्षर तुटलेलं.

आणि गाव कोरगाव नाही. आरोंदा, सावंतवाडी. स्पेलिंग असं की आधी मला ते ओळखूच येईना. मोठ्याने वाचल्यावर कळलं.

आरोंदा हे पणजोबांचं आजोळ. किरणपाणीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर दिसतं. आज तिथे पूल आहे. तेव्हा मधली नदी म्हणजे दोन राज्यांमधली हद्द: अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे इंग्रजांच्या मांडलिकीतलं सावंतवाडी संस्थान.

काकांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘बापाचं नाव पुन्हा वाच.’

18 ऑगस्ट

आत्याकडे म्हापशाला गेले. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, कान मंद, पण जुनं सगळं लख्ख. पणजोबांच्या बायकोला घरात थोरली आई म्हणत आणि आत्याचं लहानपण तिच्याच कुशीत गेलं. आरोंद्याचं नाव काढताच आत्या म्हणाली, “वर्साक दोन फावट थोरली आई आरोंद्याक वताली. तरीन पलतडीं वताली, येताना रुपये हाडताली.”

म्हणजे वर्षातून दोनदा तरीने नदीपार जाऊन ती पैसे आणत होती. मुलांना वाटे मामाकडचे लोक देतात. पण माहेर तिचं आरोंद्याला नव्हतंच, ते नवऱ्याचं आजोळ. मला हे ऐकता ऐकता उलगडत गेलं: वारस म्हणून तिचं नाव त्या पत्त्यावर होतं, त्यामुळे मृत शिपायाच्या विधवेची पेन्शन पलीकडच्या मुलखात मिळत होती. पदकही त्याच वाटेने घरी आलं असणार. आत्याला आठवतं, थोरली आई पैसे मोजून झाल्यावर त्यातला एक रुपया वेगळा काढून ठेवी आणि तो कशासाठी ते कुणाला सांगत नसे.

मग विचारलं, हे जाणं कधी थांबलं? ‘पत्रादेवीक गोळयो घाल्यो त्या वर्सा.’ 15 ऑगस्ट 1955. त्या दिवशी पत्रादेवीच्या हद्दीवर गोवामुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला, त्यानंतर हद्द बंद झाली, भारताने गोव्याची आर्थिक कोंडी आणखी आवळली. इंग्रजांच्या लढाईत नवरा गमावलेली पोर्तुगीज मुलखातली बाई, आता स्वतंत्र भारताकडून येणाऱ्या पैशांना मुकली. डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा ती हयात नव्हती.

यावर कुठल्याही दप्तरात एक ओळ असेल असं मला वाटत नाही. म्हणून आत्याचं बोलणं तिच्या परवानगीने रेकॉर्ड केलं आणि घरी येऊन शब्दशः उतरवलं. कागद पुढे शंभर वर्षं टिकतील. सत्त्याऐंशीच्या माणसाकडे आधी जायला हवं.

8 सप्टेंबर

चवथीच्या गडबडीतही थोडं काम झालं. पलटणीचा प्रवास जुळवला.

110 वी मराठा ही 6 व्या पुणे डिव्हिजनच्या 18 व्या ब्रिगेडमध्ये. त्या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: 103, 110 आणि 117. नोव्हेंबर 1914 मध्ये ही फौज इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा घेतलं. एप्रिल 1915 मध्ये शैबाची लढाई. सप्टेंबरात तैग्रिसकाठचं कूत घेतलं. मग बगदाद घ्यायच्या हव्यासाने जनरल टाउनशेंडची फौज तैग्रिसच्या काठाने वर गेली आणि 22 नोव्हेंबर 1915 ला टेसिफोनला अडली. जबर नुकसान सोसून ती कूतला परतली. 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला.

वेढा पाच महिन्यांच्या आसपास चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे, खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. जव आणि पाणी यावर राहिलेल्यांना स्कर्व्हीने गाठलं. विमानांतून धान्याच्या गोण्या टाकल्या गेल्या, त्यातल्या काही नदीत गेल्या. 24 एप्रिलला जुलनार नावाची बोट रसद घेऊन रात्री निघाली, ती वाटेत पकडली गेली. वेढा फोडायला गेलेल्या फौजेची 23 हजारांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. छावणीतल्या कामकऱ्यांसकट सुमारे 13 हजार लोक कैद झाले. कैद्यांना समाऱ्यापासून पुढे वाळवंटातून पायी चालवलं. हिंदी कैद्यांतल्या पुष्कळांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं.

पणजोबांचा मृत्यू ऑक्टोबर 1916. म्हणजे वेढ्यातून ते जगले. कैदेत गेले.

एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. 1914 ला युद्ध सुरू झालं तेव्हा पोर्तुगाल तटस्थ होता. जर्मन व्यापारी जहाजं आसरा घेऊन आपल्या मुरगाव बंदरात नांगर टाकून होती. जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं ते 9 मार्च 1916 ला. त्या दिवशी कूतचा वेढा चौथ्या महिन्यात होता. म्हणजे पणजोबा ज्या राज्याची रयत होते ते युद्धात उतरेपर्यंत ते स्वतः वर्षभराहून जास्त लढून, आता उपाशी बसले होते.

2 ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

तिथी ठाऊक नसलेल्यांचं श्राद्ध या दिवशी, म्हणून पणजोबांचंही आजवर आजच होत आलं. यंदाही केलं. काकांनी मृत्यूची तारीख भटजींना लिहून दिली आहे, जुन्या पंचांगावरून ते तिथी काढतील. यादीतली तारीख कैदेतल्या मृत्यूची आहे, ती दिवसापर्यंत अचूक धरायला मी कचरते. काका धरतात. श्राद्धाचा निर्णय त्यांचा, आणि तो मला पटतो.

10 नोव्हेंबर

मोडी कागद वाचून झाला. म्हापशातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मदत केली. देवस्थानच्या जुन्या दप्तरामुळे त्यांचा हात या लिपीत बसलेला. अक्षर पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याचं, मजकूर पणजोबांचा. शके 1837, ज्येष्ठ महिना, म्हणजे 1915 चा पावसाळा लागतानाचा. मथळा ‘मु॥ आरोंदे, मामांचे घरी पोचवणे’ असा आहे, म्हणजे पत्त्याचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत मिटला.

आत लढाईबद्दल एकच वाक्य: मोठी लढाई झाली, देवाच्या कृपेने खुशाल आहे. पुढे सगळं घरचं. येथे उष्मा फार, पाऊस नाही. शेत यंदा कोणास अर्धेलीने दिले ते कळवणे. तांबडा बैल विकू नये. चिरंजीव चालू लागला असेल, त्यास नदीकडे एकटा सोडू नये. रजा मिळाल्यास शिमग्यास येतो.

पुढचा शिमगा मार्च 1916 मध्ये आला.

24 नोव्हेंबर

आज दोन पत्रं लिहून पूर्ण केली.

पहिलं कमिशनला. बसऱ्याच्या स्मारकावर, कबर ठाऊक नसलेल्या 40,500 हून अधिक लोकांची नोंद आहे. पण बांधलं तेव्हा हिंद्यांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली. साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या घातली. नावं रजिस्टरमध्ये. 2021 मध्ये कमिशनने स्वतः अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. 1997 पासून ते स्मारक मूळ जागेहून हलवून बसऱ्याबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलेलं आहे, आमच्यापैकी कुणी तिथे जाईल असं नाही. म्हणून रजिस्टरमधली ती ओळ बिनचूक असणं मला फार मोलाचं वाटतं. बापाच्या नावाचं तुटलेलं अक्षर आणि आरोंद्याचं स्पेलिंग दुरुस्त करा, आणि घर कोरगाव, पेडणे, गोवा हेही जोडा, अशी विनंती केली आहे. सोबत पदकाच्या कडेचे फोटो, पत्राची प्रत आणि लिप्यंतर, वंशावळ.

आरोंदा काढून कोरगाव घाला, असं काकांचं मत होतं. मला ते योग्य वाटलं नाही. तो पत्ता पणजोबांनी स्वतः सांगितला होता, त्याच पत्त्यावर येणाऱ्या पेन्शनवर थोरली आई चाळीस वर्षं जगली. फक्त त्याच्या शेजारी कोरगाव हवं. ब्रिटिश मुलखातल्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ असा दगड आहे. पोर्तुगीज पेडण्यात तो कोण बसवणार? इंग्रजांनी आमचा माणूस सावंतवाडीच्या खात्यात मोजला, पोर्तुगिजांनी मोजलाच नाही. काकांना हे समजावलं, त्यांनी पत्रावर सही केली.

दुसरं पत्र बेळगावला रेजिमेंटल सेंटरला. त्यात मोघम काही विचारलं नाही: क्रमांक, पलटण, बापाचं नाव, आरोंदा, आणि 110 व्या पलटणीच्या लाँग रोलमधली या क्रमांकाची ओळ उपलब्ध आहे का, एवढंच.

8 डिसेंबर

पार्श्याहून एक गृहस्थ आले होते. आत्याकडून त्यांच्या कानावर गेलं. पिशवीतून ब्राँझची जड चकती काढली, तळहाताहून मोठी, त्यावर ब्रिटानिया आणि सिंह. मृत शिपायांच्या घरी पाठवलेली स्मृतिचकती. त्यांच्या आजोबांच्या भावाची. चकतीवर नुसतं नाव असतं, हुद्दा नाही, क्रमांक नाही, पलटण नाही, त्यामुळे आमची वाट इथे चालणार नाही. त्यांना विचारलं, तुमच्या आजीचं आणि त्या भावाच्या आईचं माहेर कुठलं? सातार्डा, असं ते म्हणाले. मग बापाचं नाव, सातार्डा आणि सावंतवाडी, जमतील तेवढ्या स्पेलिंगांनी, सहाही मराठा पलटणींच्या यादीत शोधायचं ठरलं. 103 पासून सुरुवात केली आहे.